मागच्या आवाजाची जागा: लातुरातील एका दिवाणखान्यासाठी सराउंड स्पीकरची निवड

पार्श्वभूमी

हे घर लातूर शहरातील एका जुन्या वसाहतीत आहे. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर या भागात जशी घरे उभी राहिली, तसेच त्याचे बांधकाम आहे. कोपऱ्यांत काँक्रीटचे कॉलम, दारांच्या वर सलग लिंटेल (सळई घातलेली काँक्रीटची पट्टी), मध्ये विटांच्या भिंती, वर सपाट स्लॅब आणि खाली शहाबादी फरशी. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत; मात्र खोलीची मापे, अडचणी आणि घेतलेले निर्णय जसे होते तसेच ठेवले आहेत, कारण या प्रकरणात सगळे काही त्या मापांवरच ठरले.

घरात निवृत्त शिक्षक असलेले आबा, नोकरी करणारा त्यांचा मुलगा, महाविद्यालयात शिकवणारी सून आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. दिवाणखाना १६ फूट लांब, १२ फूट रुंद आणि १० फूट उंच. टीव्ही १२ फुटी भिंतीवर आहे आणि तीन जणांचा सोफा समोरच्या भिंतीला अगदी चिकटून ठेवलेला होता. डाव्या भिंतीला लागून, मागच्या कोपऱ्याकडे, आबांचा दिवाण. त्याच भिंतीत पुढच्या बाजूला खिडकी असून उन्हाळ्यात तिथे कूलर बसतो. घराचे मुख्य दार उजव्या भिंतीत मागच्या टोकाला, म्हणजे सोफ्याच्या जवळजवळ शेजारीच उघडते. मराठवाड्यातील अनेक घरांची मांडणी अशीच असते: बसण्याची सोय भिंतीकडेने आणि मधली जागा येण्याजाण्यासाठी मोकळी. पाहुणे, हळदीकुंकू, मुलांचा अभ्यास, सगळे याच खोलीत होते, त्यामुळे ती केवळ सिनेमासाठी राखून ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

मुलाने आधीच्या वर्षी पाच चॅनेलचा एव्ही रिसीव्हर (पाच स्पीकरांना वेगवेगळा आवाज पुरवणारा अँप्लिफायर), साडेसहा इंची वूफर (खालच्या सुरांचा पडदा) असलेली पुढची बुकशेल्फ जोडी, त्याच मालिकेतील, मुख्यतः संवादांसाठीचा सेंटर स्पीकर आणि सर्वांत खालच्या सुरांसाठी दहा इंची सबवूफर असा संच घेतला होता. मागच्या दोन, म्हणजे सराउंड स्पीकरांचा निर्णय तेवढा राहून गेला होता. जुना ‘सब एकत्र’ मिळणारा होम थिएटर संच घरात होता. त्यातले दोन छोटे स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या जरा वर, खिळ्यांना अडकवून त्याने काम भागवले होते. त्यांपैकी डावा स्पीकर नेमका आबांच्या उशाशी आला होता.

अडचण नेमकी कोणती होती

मुलाने सल्ला विचारताना मला सांगितलेली तक्रार एकच होती: मोठ्या आवाजाच्या प्रसंगात रिसीव्हर आपोआप बंद पडतो. त्याने त्याचा दोष विजेच्या दाबावर ठेवला होता आणि त्यासाठी स्टॅबिलायझरही घेतला होता. नवे, ‘दमदार’ सराउंड स्पीकर लावले की उरलेले प्रश्न सुटतील, असे त्याला वाटत होते. घरी जाऊन पाहिल्यावर मात्र तीन वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतलेल्या आढळल्या, आणि त्या सुट्या केल्याखेरीज कोणता स्पीकर घ्यावा हे सांगणे योग्य झाले नसते.

पहिली अडचण विजेचीच होती, पण महावितरणच्या विजेची नव्हे. प्लगपाशी मीटर लावून पाहिले तेव्हा दाब २२८ व्होल्टच्या आसपास स्थिर होता आणि रिसीव्हर बंद पडला त्या क्षणीही तो ढळला नाही. मग जुन्या स्पीकरांच्या मागची चिकटपट्टी वाचली. त्यावर ३ ओहम लिहिलेले होते, तर रिसीव्हरच्या मागे ६ ओहमपेक्षा कमी रोधाचे स्पीकर जोडू नयेत असे स्पष्ट छापलेले होते. एकत्रित संचातील स्पीकर त्या संचाच्याच अँप्लिफायरसाठी बनवलेले असतात. ते दुसरीकडे जोडणे धोक्याचे ठरते. २० व्होल्टचा सिग्नल आला तर ८ ओहमचा स्पीकर अडीच अँपिअर प्रवाह ओढतो आणि ३ ओहमचा पावणेसातच्या घरात. एवढा प्रवाह एकाच वेळी दोन चॅनेलमधून मागितला गेला की रिसीव्हरची संरक्षक यंत्रणा त्याला बंद करते, आणि तिने तसे करणेच योग्य आहे. खात्रीसाठी मागचे दोन्ही स्पीकर सोडवून तोच प्रसंग त्याच आवाजात पुन्हा लावला; रिसीव्हर एकदाही बंद पडला नाही.

दुसरी अडचण आबांची होती आणि माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तीच होती. वयानुसार त्यांना बारीक, उंच पट्टीचे आवाज कमी ऐकू येतात. ते लोडाला टेकून, मान टीव्हीकडे वळवून बसतात. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत असे होते: ‘‘मला तं मागचंच ऐकू येतंय. पुढं काय बोलायलेत ते कळंना.’’ घरच्यांना वाटत होते की हा ऐकण्याचा दोष आहे, म्हणून ते आवाज वाढवत. आवाज वाढवला की उशाजवळचा स्पीकरही तितकाच वाढे आणि संवाद आणखी दबत. शेवटी आबा सिनेमा सुरू झाला की आतल्या खोलीत जाऊ लागले होते. ज्या खोलीत घरातल्या थोरल्या माणसाची रोजची जागा आहे, तिथून त्याला उठून जावे लागत असेल तर तो संच कितीही महागाचा असला तरी चुकीचा बसवला आहे, असे मी मानतो.

तिसरी अडचण जागेची. पाच चॅनेलच्या मांडणीत सराउंड स्पीकर ऐकणाऱ्याच्या बाजूला आणि किंचित मागे, म्हणजे समोरच्या मध्यरेषेपासून ११० ते १२० अंशांवर असावेत, असे डॉल्बी या ध्वनितंत्राच्या कंपनीचे मार्गदर्शन आहे. थेट पाठीमागच्या भिंतीवर नव्हे. सोफा भिंतीला चिकटलेला असल्याने बसणाऱ्याचे डोके भिंतीपासून जेमतेम फूटभर अंतरावर येत होते. स्पीकर थेट कोपऱ्यात नेला तरी १०० अंशांच्या पलीकडे जाणे शक्य नव्हते. उजवीकडे तर नेमक्या जागी दार होते.

विचारात घेतलेले पर्याय

सुनेने सुरुवातीलाच एक प्रश्न विचारला, तो मी गंभीरपणे घेतला. मागचे स्पीकर काढूनच टाकले तर? पुढचे तीन आणि सबवूफर एवढ्यावर संवाद स्पष्ट येतात, तारा नकोत, भिंतीला भोके नकोत. आम्ही तसे करून पाहिले. आबांना संवाद लगेच कळू लागले, पण पाऊस, गर्दी, मैदानातला जल्लोष असे काही आले की सगळा आवाज टीव्हीभोवती गोळा होत असे आणि मुलांना ते जाणवले. सराउंड नको असे ठरले असते तरी मी त्याला विरोध केला नसता. आबांची अडचण सोडवून मागचा आवाज टिकवता येतो का, हे आधी पाहावे, एवढेच मी सुचवले.

छत्रपती संभाजीनगरातील ज्या दुकानातून संच घेतला होता, तिथून पुढच्यासारखीच आणखी एक बुकशेल्फ जोडी घेण्याचा सल्ला मिळाला होता. त्यामागे तर्क होता: पाचही स्पीकर एका जातीचे असले की पुढून मागे जाणाऱ्या आवाजाचा पोत बदलत नाही. तो पोत मुख्यतः ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा पडदा) आणि मधल्या पट्टीवर अवलंबून असतो, त्यामुळे मालिका एक असावी हे मलाही पटते. पण आकारही तोच असला पाहिजे, हे पटत नाही. शिवाय त्या स्पीकरांचे पोर्ट, म्हणजे खोक्यातली हवा ये-जा करण्याचे भोक, मागच्या बाजूला होते. अशा पोर्टसमोर भिंत अगदी जवळ आली की खालच्या पट्टीचा समतोल बिघडतो, म्हणून तिथे मोकळी जागा सोडावी लागते. दारावर भिंतीपासून पुढे आलेला तो जड ठोकळा कुणालाच नको होता.

छतात बसवायचे स्पीकर नकोत हे चटकन ठरले. स्लॅबला फॉल्स सीलिंग नव्हते आणि दोन स्पीकरांसाठी ते करणे अवास्तव होते. बिनतारी स्पीकरांबद्दल मुलाला फार आशा होती. पण बिनतारी म्हणजे फक्त सिग्नलची तार नसते. प्रत्येक स्पीकरला विजेचा प्लग लागतोच, आणि दारावर प्लग नव्हता. त्यातही बाजारातले बहुतेक बिनतारी सराउंड स्पीकर त्या-त्या कंपनीच्या साउंडबारशीच जुळतात, कोणत्याही रिसीव्हरशी नव्हे.

यानंतर द्विमुखी स्पीकरांचा पर्याय उरला, आणि त्यावर सर्वांत जास्त वेळ गेला, कारण आबांच्या अडचणीवर वरवर पाहता तोच उपाय दिसत होता. यांच्या खोक्यात दोन दिशांना तोंड केलेले स्पीकर असतात. बायपोलमध्ये दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी पुढे ढकलला जातो, तर डायपोलमध्ये एक बाजू पुढे ढकलते तेव्हा दुसरी मागे खेचते आणि बरोबर मध्ये, ऐकणाऱ्याच्या दिशेला, आवाजाची पोकळी तयार होते. त्यामुळे आवाज थेट न येता भिंतींवरून पसरून येतो आणि जवळ बसलेल्यालाही स्पीकर नेमका कुठे आहे ते कळत नाही. या रचनेला इतिहास आहे. १९८७ मध्ये डॉल्बी प्रो लॉजिक हे सराउंडचे तंत्र घराघरांत आले तेव्हा मागचा चॅनेल एकच असे आणि तो ७ किलोहर्ट्झपर्यंतच मर्यादित होता. अशा अस्पष्ट आवाजाला पसरवणेच शहाणपणाचे होते. १९९२ मध्ये चित्रपटगृहांत डॉल्बी डिजिटल आले आणि डावा व उजवा सराउंड वेगळे, पूर्ण पट्टीचे झाले. त्यापुढे २०१२ चे अ‍ॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणारे डॉल्बीचे तंत्र, २०१४ मध्ये घरांपर्यंत पोहोचले, तेव्हा तर प्रत्येक ध्वनीला ठरावीक जागा देणे हाच मुख्य हेतू झाला, आणि त्यासाठी थेट मारा करणारे स्पीकर सुचवले जाऊ लागले.

मात्र मी डायपोल नाकारला तो इतिहासामुळे नव्हे, खोलीमुळे. डायपोलला दोन्ही बाजूंना सारख्या भिंती लागतात आणि तो ऐकणाऱ्याच्या अगदी बाजूला, ९० अंशांच्या आसपास असावा लागतो. इथे उजवीकडचे दार दिवसातून कितीदा तरी उघडे असते, आणि मागच्या दिशेला जाणारा आवाज फूटभरावर कोपऱ्यात आदळून परत आला असता. दोन्ही बाजूंची वागणूक वेगळी झाली असती. शिवाय ती जोडी पुण्या-मुंबईहून मागवावी लागणार होती आणि घरी ऐकून पाहण्याची सोय नव्हती. ज्या वस्तूचा गुण पूर्णपणे खोलीवर अवलंबून आहे, ती खोलीत ऐकल्याशिवाय घ्यायला मी सांगू शकत नव्हतो.

शेवटचा पर्याय साधा होता: पुढच्याच मालिकेतील, चार इंची वूफर असलेली, पोर्ट नसलेली बंद खोक्याची छोटी जोडी. रोध ८ ओहम, संवेदनशीलता (एका वॉटवर एक मीटर अंतरावर मिळणारा आवाज) ८६ डेसिबल आणि मागे ब्रॅकेटसाठी पितळी आट्यांची सोय.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय स्पीकरचा नव्हता, सोफ्याचा होता. तो भिंतीपासून दोन फूट पुढे घ्यावा, असे मी सुचवले. मुलगा लगेच तयार झाला. सुनेची शंका रास्त होती, की दारातून आलेल्या माणसाला वळायला जागा राहील का. फरशीवर खडूने रेघा मारून सोफा आठवडाभर तसा ठेवून पाहावा, असे ठरले. येण्याजाण्याला अडथळा झाला नाही, उलट मागच्या जागेत मुलांच्या सायकलचे हेल्मेट आणि दप्तरे राहू लागली. आता बसणाऱ्याचे डोके मागच्या भिंतीपासून तीन फुटांवर आले. १२ फूट रुंदीच्या खोलीत मधल्या माणसापासून बाजूची भिंत सहा फुटांवर असते. ११० अंशांचा कोन साधायचा तर स्पीकर त्या भिंतीवर डोक्याच्या रेषेपासून सुमारे सव्वादोन फूट मागे यायला हवा. तेवढी जागा प्रथमच उपलब्ध झाली होती. भिंतीला टेकून बसल्यामुळे खालच्या सुरांचा जो घुमारा सोफ्यावर साचत होता, तोही कमी झाला.

दुसरा निर्णय उंचीचा. इथे एक सोपा हिशेब सगळ्यांसमोर कागदावर मांडला, कारण त्यानेच वाद मिटला. आबांचे डोके डाव्या भिंतीपासून सुमारे अर्धा मीटर, तर सोफ्याच्या उजव्या टोकाला बसणारे त्याच भिंतीपासून तीन मीटर. स्पीकर कानाच्या उंचीवर असेल तर दोघांच्या अंतरांचे प्रमाण एकास सहा होते, आणि मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो या नियमाने दोघांना ऐकू येणाऱ्या थेट आवाजात साडेपंधरा डेसिबलचा फरक पडतो. तोच स्पीकर कानापेक्षा १.३ मीटर वर नेला, तर आबांचे अंतर सुमारे १.४ मीटर आणि दूरच्या माणसाचे ३.३ मीटरच्या जवळ होते. फरक साडेसात डेसिबलच्या आत येतो. खोलीतल्या परावर्तनांमुळे प्रत्यक्षातले दोन्ही आकडे याहून कमी असतात, पण कल तोच राहतो. म्हणजे कोणताही खास स्पीकर न घेता, केवळ उंची बदलून, आबांवर होणारा मारा निम्म्याने कमी होत होता.

याची एक किंमत होती आणि ती लपवली नाही. सराउंड स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा दोन-तीन फूट वर असावेत, ही सर्वसाधारण शिफारस. इथे ते सव्वाचार फूट वर जात होते. पुढे कधी अ‍ॅटमॉससाठी छताकडचे चॅनेल जोडायचे झाले, तर बाजूचा आवाज आणि वरचा आवाज यांतला भेद पुसट होईल. मुलाने थोडा विचार करून सांगितले की या खोलीत तसे करण्याचा बेत नाही. हा निर्णय त्याचा होता आणि तो समजून घेतलेला होता.

तिसरा टप्पा प्रत्यक्ष ऐकून पाहण्याचा. रंगाऱ्याकडून लाकडी घोडा आणला, पुढच्या जोडीतला एक स्पीकर त्यावर ठेवून सुतळीने बांधला आणि रिसीव्हरमधला चाचणीचा खरखराट लावला. आधी कानाच्या उंचीवर, मग वर. आधी सरळ खोलीच्या मध्याकडे तोंड करून, मग सोफ्याच्या उजव्या टोकाकडे रोखून. शेवटच्या स्थितीत आबा स्पीकरच्या मुख्य रेषेपासून जवळजवळ ४५ अंश खाली येत होते. त्या कोनात ट्विटरचे टोकदार आवाज आपोआप मवाळ होतात, आणि सर्वांत दूरच्या माणसाला ते पूर्ण मिळतात. आबांना डोळे मिटून ऐकायला सांगितले. ‘‘आता बरंय. कानाशी कुणी वरडंना,’’ असे ते म्हणाले, आणि जागा व दिशा पक्की झाली.

एवढे झाल्यावर स्पीकरची निवड जवळजवळ आपोआप झाली. चार इंची स्पीकर पुरा पडेल का, ही मुलाची शंका मात्र शिल्लक होती. मुख्य जागेपासून स्पीकरचे अंतर २.३ मीटर. ८६ डेसिबलचा स्पीकर एका वॉटवर तिथपर्यंत सुमारे ७९ डेसिबल पोचवतो आणि ३२ वॉटवर सुमारे ९४. हे कुटुंब संध्याकाळी ज्या आवाजात सिनेमा पाहते, तो फोनवरच्या मापकात सरासरी ७० च्या आत होता. खालचे सूर सबवूफरकडे जाणार होते, त्यामुळे मोठ्या वूफरची मागे गरजच नव्हती. कूलरचाही मुद्दा होता. एप्रिल ते जूनमध्ये तो सुरू असताना मापक रिकाम्या खोलीतच साठच्या आसपास जात होता. मागच्या स्पीकरांतले बरेचसे बारकावे त्या आवाजाखाली गडप होतात. ज्या खोलीत वर्षातले तीन महिने अशी स्थिती असते, तिथे सराउंडवर दुप्पट पैसे घालणे मला गैर वाटले. मुलाने या कामासाठी ३० हजार रुपये बाजूला ठेवले होते. छोटी जोडी, ब्रॅकेट, तार आणि मजुरी मिळून खर्च त्याच्या निम्म्याच्या आसपास झाला.

प्रत्यक्ष काम

उजवा स्पीकर दाराच्या वर येणार होता. लिंटेलमध्ये भोक पाडायचे नाही, हे आधीच ठरवले. तिथे सळई लागते, ड्रिल घसरते आणि भूकंपाचा अनुभव असलेल्या भागात ती पट्टी पोखरणे मला मान्य नाही. लिंटेल संपल्यावर वरच्या विटांच्या कामात, साधारण आठ फुटांवर, ब्रॅकेट बसवले. जुन्या विटेत प्लग सैल बसतो, म्हणून प्लास्टरची जाडी ओलांडून विटेत पुरेसा जाईल असा लांब प्लग वापरला आणि स्पीकर लावण्याआधी ब्रॅकेटला हाताने ओढ देऊन पाहिली. डावा स्पीकर त्याच उंचीवर, दिवाणाच्या वर.

तारेबद्दल घरात दोन टोकाची मते होती: एका नातेवाइकाने महागडी आयात तार सुचवली, तर वायरमनने टीव्हीच्या जुन्या तारेचा तुकडा पुरेल असे सांगितले. उजव्या स्पीकरपर्यंत भिंतीच्या कडेने जाणारा मार्ग १२ मीटरचा होता. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन २४ मीटरचा रोध सुमारे ०.२८ ओहम होतो. स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे ८ ओहमसाठी ०.४ च्या आत, तो असावा असा कामचलाऊ दंडक आहे. म्हणून साधी, लवचिक, दोन गाभ्यांची तांब्याची तार घेतली. ती विजेच्या पाइपातून न नेता वेगळ्या केसिंग पट्टीतून नेली. सुरक्षिततेसाठीही आणि गुणगुण येऊ नये म्हणूनही.

दोन्ही टोकांना धन-ऋण बरोबर आहे का, हे दीड व्होल्टच्या सेलने तपासले. तारेच्या रिसीव्हरकडच्या टोकाला, ते रिसीव्हरपासून सुटे असताना, सेल क्षणभर टेकवला की वूफरचा पडदा बाहेर यायला हवा. एका बाजूला तो आत गेला. वायरमनने रंग उलटे धरले होते. तसेच राहिले असते तर मागचा आवाज पोकळ झाला असता आणि कुणाला कारण कळले नसते.

नंतर रिसीव्हरसोबतचा मायक्रोफोन सोफ्यावर कानाच्या उंचीला ठेवून स्वयंचलित जुळवणी केली, पंखा आणि कूलर बंद ठेवून. मागचे स्पीकर ‘लहान’ म्हणून नोंदवले आणि १०० हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे वळवला. यंत्राने काढलेली अंतरे टेपने मोजलेल्या अंतरांशी जुळत होती. त्यानंतर हाताने दोन बदल केले: डावा सराउंड २ डेसिबलने खाली आणि सेंटर ३ डेसिबलने वर. यंत्राने सोफा मोजला होता, दिवाण नव्हे. त्यामुळे हा बदल माणसानेच करायचा होता.

खोलीत टाळी वाजवली की फरशी आणि उघड्या भिंतींमधून झणझणीत पडसाद येत असे. टीव्ही आणि सोफा यांच्यामध्ये जाड सतरंजी अंथरली आणि खिडकीला दुहेरी कापडाचा पडदा लावला. सतरंजी केवळ वरच्या पट्टीचे आवाज शोषते, हे सांगितलेच. तरीही संवादांतला पडसाद कमी झाला आणि आबांना त्याचा फायदा सर्वांत जास्त झाला, असे माझे निरीक्षण आहे.

परिणाम

रिसीव्हर बंद पडणे पूर्णपणे थांबले. स्टॅबिलायझर आता फ्रिजला लावला आहे. संपूर्ण उन्हाळा उलटल्यावर मी पुन्हा त्या घरी गेलो, तेव्हा आबा दिवाणावर बसून क्रिकेटचा सामना पाहत होते. प्रेक्षकांचा जल्लोष खोलीभर होता आणि समालोचकाचे शब्द समोरून स्पष्ट येत होते. सोफ्याच्या मधल्या जागेवरून मागचा आवाज दोन्ही बाजूंना समतोल वाटतो. उजव्या टोकाला बसणाऱ्याला तो अजूनही किंचित उजवीकडे झुकलेला जाणवतो. तीन जणांच्या सोफ्यावर तिघांनाही सारखे ऐकू येणे या रुंदीत शक्य नाही. दार उघडे असताना उजवीकडचा भरीवपणा थोडा कमी होतो. कूलर सुरू असताना मुले आवाज वाढवतात, आणि तेव्हा आबांची तक्रार सौम्य स्वरूपात परत येते. त्यासाठी रिसीव्हरमधील मोठ्या-लहान आवाजांतले अंतर कमी करणारी रात्रीची सोय वापरायला सुनेने सगळ्यांना शिकवले आहे.

काय वेगळे करता आले असते

पुढचा संच घेताना मागच्यांचा विचार लांबणीवर टाकला गेला आणि त्याच सुमारास घराला रंग दिला गेला. रंगाआधी भिंतीत दोन रिकामे पाइप टाकून ठेवले असते, तर आज दिसणारी केसिंग पट्टी टळली असती. त्याचा खर्च किरकोळ होता. जुने स्पीकर जोडण्यापूर्वी त्यांच्या मागचा ओहमचा आकडा वाचला गेला असता, तर स्टॅबिलायझरचे पैसे वाचले असते. दुकानदाराने खोलीचे माप आणि बसण्याची जागा विचारायला हवी होती. ज्याला खोलीची काहीच माहिती नाही, त्याने दिलेला मागच्या स्पीकरचा सल्ला अपुराच राहणार. आबांची श्रवणतपासणी करून घेण्याचे मी सुचवले आहे. ती आधी झाली असती, तर सेंटरची पातळी ठरवायला आधार मिळाला असता.

बायपोल जोडी घरी ऐकायला मिळाली असती, तर मी ती दिवाणाच्या बाजूला एकदा जरूर लावून पाहिली असती. तिचा पसरट आवाज आबांना कदाचित आजच्यापेक्षाही सुखकर झाला असता, आणि खोलीच्या उजव्या बाजूचे नुकसान किती, हे तोलून पाहता आले असते.

मुलाचा विचार पुढेमागे बदलून अ‍ॅटमॉसकडे वळला, तर हे दोन्ही स्पीकर कानाच्या जवळपासच्या उंचीवर खाली आणावे लागतील, आणि आबांचा प्रश्न पुन्हा उभा राहील. तसे करण्याआधी दिवाण डाव्या भिंतीवरून पुढे, खिडकीच्या अलीकडे सरकवावा लागेल. मग कूलरचा झोत थेट आबांवर येतो, म्हणून तो बदल उन्हाळा सोडून करावा आणि आबांना आधी विचारावे, असे मी लेखी कळवले आहे.